जीपची फ्रेम, पप्पांचा नंबर

माझं लग्न एका जीपच्या चेसिसवर अडलं होतं. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, चेसिस म्हणजे नक्की काय. म्हणून आधीच सांगून टाकते. गाडीचा पत्रा, सीटा, इंजिन सगळं उतरवलं की खाली लोखंडाची शिडीसारखी चौकट उरते, ती चेसिस. आमच्या धंद्यात तिला सरळ फ्रेम म्हणतात.

धंदा पप्पांचा. नागपुरात उमरेड रोडला, सक्करदऱ्याच्या थोडं पुढे, आमचं जुन्या गाड्यांचं यार्ड आहे. बी.कॉम. झाल्यावर मी तिथे ‘चार दिवस’ म्हणून बसले ती उठलेच नाही. कागदपत्रं, आरटीओच्या चकरा, गिऱ्हाइकांच्या कटकटी सगळं मी बघते आणि नाव पप्पांचं, म्हणजे ओमप्रकाशभाऊंचं होतं. होऊ दे. बाजारात पप्पांच्या नजरेचा दबदबाच तसा होता. गाडीला एक फेरी मारली की ती कुठे ठोकली, कुठे रंगवली, मालक किती खोटं बोलतोय, सगळं सांगत.

आणि घरची गोष्ट अशी की पप्पांना जवळचं दिसत नव्हतं.

लांबचं झकास दिसायचं. चौकातून वळणाऱ्या ट्रकचा नंबर ते खुर्चीतून वाचायचे. पण हातात कागद आला की हात लांब जायचा, मान मागे जायची, आणि अलीकडे तर हात अपुरा पडायला लागला होता. चाळिशीचा चष्मा, अख्ख्या जगाला लागतो. पण पप्पांसमोर शब्द काढायची सोय नव्हती.

“चष्मा लावला का माणसाचा भाव पडते,” ते म्हणायचे. “लोक म्हणतीन, ओमप्रकाशले आता दिसत नाही. मंग साऱ्या नागपूरच्या ठोकलेल्या गाड्या माह्याच गळ्यात येतीन.”

म्हणून त्यांनी एक युक्ती काढली होती. फ्रेमवर कोरलेला चेसिस नंबर ते डोळे मिटून अंगठ्याने वाचायचे. बघणारे थक्क व्हायचे. मला ठाऊक होतं, डोळे उघडे ठेवून तरी काय करणार.

हे असंच चाललं असतं. पण आमच्या आत्याचे सासरे वारले, घरच्या ग्रुपवर बातमी आली आणि पप्पांनी तिच्याखाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा टाकला. एक नाही, ओळीने पाच. त्यांना तो रडणारा वाटला. आत्या महिनाभर आमच्याशी बोलली नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली आणि बातमी आली त्याच संध्याकाळी मी सक्करदरा चौकातल्या चष्म्याच्या दुकानात शिरले.

काउंटरमागे माझ्याच वयाचा एक उंच मुलगा काच पुसत उभा होता.

“पप्पांसाठी चष्मा पाहिजे,” मी म्हटलं. “जवळचा. फ्रेम भारी दाखवा.”

“नंबर किती हाय त्यायचा?”

“मले काय माहीत.”

“मंग त्यायले घेऊन या.”

“ते नाही येत.”

“बिना डोळ्यांचा नंबर कसा काढू जी मी?”

“ते तुमचं तुम्ही पाहा. दुकान तुमचं हाय का माहं?”

तो इतका हसला की त्याचा स्वतःचा चष्मा नाकावरून घसरला. मला भयंकर राग आला. मला राग लवकर येतो, आणि ज्याचा जरा जास्तच येतो तो माणूस मला आवडायला लागतो. हे माझं जुनं दुखणं आहे. त्याचं नाव वैभव. घराणं कोष्ट्यांचं, आजोबा धोंडबांपर्यंत घरात माग चालले, पुढे कोणी नोकरीत गेलं, कोणी दुकानात.

दोन दिवसांनी हा पठ्ठ्या गिऱ्हाईक बनून यार्डात हजर. एका व्हॅनभोवती फिरला, टायरला लाथ मारली, आणि इन्शुरन्सचा कागद पप्पांपुढे धरला. “काका, एवढं बारीक काय लिहिलं हाय, वाचून देता का जरा?” पप्पांनी हात लांब केला, आणखी लांब केला, मान मागे नेली. वैभव त्यांच्या हाताकडे असा बघत होता जसा शिंपी खांद्याकडे बघतो. “ते काही नाही गा, सरकारी भाषा हाय,” म्हणत पप्पांनी कागद परत दिला. एवढ्यावरून त्याने नंबर बांधला. व्हॅन घेतली नाही.

चष्मा तयार झाला, पण घालणार कोण? मी तो पेपरवर ठेवला, पप्पांनी तो उचलून बाजूला ठेवला. गल्ल्यात ठेवला, तर ते शेजारच्या चार यार्डांत विचारून आले, “कोणाचा चष्मा राहिला काय गा? एखादं म्हातारं गिऱ्हाईक विसरलं असन.” शेवटी तो माझ्या पर्समध्येच राहायला लागला. आणि प्रत्येक फसलेल्या प्रयत्नाचा अहवाल द्यायला मी चौकातल्या दुकानात जायला लागले. अहवाल लांबत गेले. एकदा दुकान बंद करायची वेळ झाली तरी माझा अहवाल संपेना, तेव्हा वैभव म्हणाला, “रितिका, पप्पांनी हा चष्मा कधीच घालू नये असं मले वाटून राहिलं.” मी विचारलं, काहून? म्हणाला, “मंग तू कशी येशीन?” मी घरी कशी पोचले मला आठवत नाही. स्कूटरवर गेले असेन.

पुढच्या रविवारी तो मागणी घालायला आमच्या घरी आला. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात संत्रा बर्फीचा डबा. आईने तर्री-पोहे केले होते. पप्पांनी चौकशी सुरू केली, गाडीची करतात तशीच.

“दुकान स्वतःचं?”

“भाड्याचं, काका.”

“घर?”

“बाबांचं.”

“मंग तुह्या स्वतःजवळ काय हाय गा?”

दुसऱ्या कोणी शिक्षण सांगितलं असतं, कष्ट सांगितले असते. वैभव म्हणाला, “जीप हाय.”

पप्पांचा घास हवेत थांबला. “कोणती?”

“आजोबांची. मिलिटरीच्या लिलावातली, जुनी फोर बाय फोर. लुगडी भरून खापा, उमरेड, सगळे बाजार करायचे ते तिच्यात. मी गठ्ठ्यांवर बसून जायचो. आता खाप्याले मामाच्या गोठ्यात उभी हाय.”

मग तासभर दोघं माझं लग्न विसरले. कोणता गिअर अडतो, कोणता पाइप कुठे मिळतो, कन्हान नदीच्या रेतीतून ती कशी निघायची. आई माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होती. पप्पा कोणाशी इतकं बोलत नाहीत. मला वाटलं, झालं! जमलं! मनातल्या मनात मी साडीचा रंगसुद्धा ठरवला.

आणि पप्पांनी विचारलं, “फ्रेम कशी हाय?”

“मागून सडली हाय. ठीक करून घेईन म्हणतो. फ्रेम चांगली झाली का भाव वाढन.”

पप्पांनी प्लेट खाली ठेवली. “एका रुपयानं नाही वाढत.”

“वाढते, काका.”

“अरे, फ्रेम दिसते कोणाले? गिऱ्हाईक रंग पाह्यते, टायर पाह्यते, हॉर्न वाजवून पाह्यते. फ्रेम म्हणजे बनियान. फाटली तरी शर्टाच्या आत.”

“बनियान फाटली तर शर्ट खाली नाही पडत, काका. फ्रेम तुटली तर गाडी पडते.”

आई फस्सकन हसली आणि तिथेच घात झाला. पप्पांना सगळं चालतं, धंद्यात कोणी शहाणपण शिकवलेलं चालत नाही, आणि बायकोसमोर तर नाहीच नाही. त्यांनी फोन काढून जितेंद्रभाऊंना लावला. जितेंद्रभाऊ म्हणजे पप्पांचे जुने गिऱ्हाईक, कऱ्हांडल्याच्या जंगलाकडे त्यांचं रिसॉर्ट आहे आणि दारात उभ्या करायला त्यांना जुन्या जीपा लागतात. वैभवच्या फोनमधला जीपचा फोटो पाठवला, आहे तशी घेतली तर काय भाव ते विचारलं, आणि फोन ठेवून पप्पा म्हणाले, “ऐक. फ्रेमवर जे लावायचं ते लाव. काम झाल्यावर हाच जितेंद्र पुन्हा भाव करन. तुहा खर्च वजा करून आजच्या वर एक रुपया जरी निघाला, तर पोट्टी तुही. नाही निघाला तर इकडे फिरकू नको. जो माणूस सडक्या फ्रेमवर पैसा घालते तो संसारात काय दिवे लावन?”

“मंजूर,” वैभव म्हणाला.

मी उठून उभी राहिले. “मी काय जीप हाय का?”

“तू बस वं,” पप्पा म्हणाले. “धंद्याची गोष्ट चालू हाय.”

त्या दिवशी मी दोघांवर इतकी चिडले की बर्फीचा अख्खा डबा एकटीने संपवला. वैभवला फोनवर झाप झाप झापलं. “मंजूर म्हणायच्या आधी मले विचारलं काय? आणि आजोबांची जीप विकशीन? जिच्यावर तू लहानपणापासून बसला?” तो म्हणाला, “विकताना रडीन एक दिवस. तुह्याशिवाय रोज रडावं लागन.” आता अशा माणसावर चिडून राहायचं तरी कसं?

कोर्टात जाऊन लग्न करता आलं असतं. माझ्या दोन मैत्रिणींनी केलंय, मजेत आहेत. पण मला पप्पांचा हो पाहिजे होता. ज्या माणसाने मला याच यार्डात मांडीवर बसवून स्टेअरिंग धरायला शिकवलं, तो माझ्या लग्नात तोंड फिरवून बसला असता तर माझ्या घशाखाली घास उतरला नसता. हे मी आईलाही सांगितलं नाही. आईला न सांगता कळतं, ती गोष्ट वेगळी.

जीप खाप्याहून ट्रॉलीवर घालून बेसाला एका वेल्डिंगवाल्याच्या शेडमध्ये आली. तिचा पत्रा उतरला, सीटा उतरल्या, आणि फ्रेम उघडी पडली. मागचा आडवा भाग हात लावला तर पापडासारखा मोडायचा. वैभव दुकान बंद करून रोज तिथे. गंज खरवडणं, जुनी पट्टी कापणं, नवी जोडणं, गंज धरू नये म्हणून रेड ऑक्साइड, मग काळा रंग. त्याच्या चष्म्यावर इतकी लाल धूळ बसायची की त्याला सगळं जग गुलाबी दिसत असणार. मलाही दिसत होतंच, चष्म्याशिवाय.

यार्ड सुटलं की मी बेसाला. पप्पांना सांगायचे, मैत्रिणीकडे जाते. त्यांनी कधी कोणती ते विचारलं नाही. उलट एकदा मी निघताना पेपरमधून मान वर न करता म्हणाले, “तुह्या मैत्रिणीले सांग, जोडाच्या आतून पण ऑक्साइड मारायचं. बाहेरूनच मारतात येडे.”

आमच्या आईची मात्र वेगळीच गंमत झाली. मी स्वयंपाकघरात फोनवर बोलत होते, “फ्रेम मजबूत झाली रे आता. नंबर? हो, नंबर साफ हाय, पुसला नाही. एकदा पप्पांनी पाहिला का झालं.” आई पोळपाट सोडून जवळ आली. मला वाटलं, पकडले गेले. ती कानात म्हणाली, “कितीही मजबूत फ्रेम आण वं, तुहे पप्पा नाही घालत.” मी हसून हसून ओट्यावर बसले. तिला सगळं समजावून सांगितलं तर म्हणाली, “म्हणजे तिकडेही फ्रेम आणि नंबर, इकडेही फ्रेम आणि नंबर. तुह्या नशिबात तिसरं काही हाय का नाही?”

काम संपत आलं तसं इंजिन फ्रेमवर बसलं, चाकं लागली, स्टेअरिंगचा दांडा उभा राहिला. वर काहीच नाही. ना पत्रा, ना बॉनेट, ना दार. वैभव म्हणाला, फ्रेम सरळ झाली की नाही ते चालवूनच कळन. आम्ही वेल्डिंगवाल्याच्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्या दोरीने फ्रेमला करकचून बांधल्या. तो पुढच्या खुर्चीत, मी मागच्या. आणि बेसाच्या अर्ध्या बांधलेल्या ले-आउटमधून, रिकाम्या प्लॉटांच्या मधून, आम्ही निघालो.

काय सांगू! पायाखालून रस्ता दिसत होता, पळणारा. चाकं दिसत होती, शाफ्ट फिरताना दिसत होता, इंजिन समोर उघडंवाघडं धडधडत होतं. कुत्री आधी भुंकत मागे लागली आणि मग हे नेमकं काय आहे ते न कळून गप्प उभी राहिली. एका बिल्डिंगच्या वॉचमनने उठून सलाम ठोकला. बाल्कनीतून एक बाई ओरडली, “अगं, गाडी कुठं पडली तुमची?” मी ओरडून म्हटलं, “घरी विसरलो!” खड्डा आला की खुर्ची उडायची, खुर्चीसोबत मी, आणि फ्रेम मात्र जागची हलायची नाही. कुरकुर नाही, पीळ नाही. वैभव पुढून ओरडत होता, “सरळ हाय! रितिका, एकदम सरळ हाय!” मी मागून ओरडत होते, “भाव वाढन!” इतकी मी आयुष्यात कधी हसले नव्हते. त्या क्षणी मला खात्री होती की आम्ही जिंकलो.

पत्रा चढला, हिरवा रंग चढला. फेब्रुवारीतल्या एका सकाळी जीप आमच्या यार्डात उभी राहिली. ऊन छान पडलं होतं. जितेंद्रभाऊ आले. बातमी फुटली होतीच, त्यामुळे शेजारच्या यार्डांचे तीन-चार मालकही चहाच्या निमित्ताने येऊन उभे राहिले. आई डबा द्यायच्या निमित्ताने आली. वैभवने तोच मागणीच्या दिवशीचा शर्ट घातला होता.

जितेंद्रभाऊंनी जीपला फेरी मारली, खाली वाकले, फ्रेमवर हाताने थापटलं. “काम तर मस्त झालं हाय गा. ओमप्रकाशभाऊ, नंबर पाहून घ्या एकदा. कागदाशी जुळला का बोलतो भाव.”

पुढच्या चाकामागे फ्रेमवर नंबर कोरलेला होता. मी आरसी बुक उघडून उभी राहिले. पप्पा गुडघ्यावर बसले, डोळे मिटले, अंगठा फिरवला आणि नेहमीच्या ऐटीत एकेक आकडा बोलायला लागले. मी कागदावर बघत होते. जुळतोय, जुळतोय, जुळतोय.

“आणि शेवटी आठ,” पप्पा म्हणाले.

कागदावर तीन होता.

“तीन पाहिजे, पप्पा.”

त्यांनी पुन्हा अंगठा फिरवला. डोळे उघडून वाकून पाहिलं, मान मागे घेतली, पुन्हा पाहिलं. “आठ हाय. नंबर नाही जुळत.” ते गुडघे झटकत उठले. “दुसऱ्या गाडीची फ्रेम हाय.”

झालं. नंबर न जुळणारी गाडी म्हणजे भंगार. ती कोणाच्या नावावर होत नाही, कोणी हात लावत नाही. जितेंद्रभाऊंनी वाकूनही पाहिलं नाही. ओमप्रकाशभाऊंचा अंगठा बोलला म्हणजे संपलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि खिशातून स्वतःच्या गाडीची चावी काढली. बाकीचे मालक च्‌ च्‌ करायला लागले.

वैभव पुढे झाला, वाकला, नंबर पाहिला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्याने वर पाहिलं, आधी पप्पांकडे, मग भोवतीच्या माणसांकडे, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं बदललं. उभा राहून म्हणाला, “हो काका. तुम्ही म्हणता म्हणजे असन. मी पाहतो घरी नेऊन.”

मला काही कळेना. मी त्याला ढकलून स्वतः गुडघ्यावर बसले. तीन! स्वच्छ, ढळढळीत तीन! नव्या काळ्या रंगाचा एक जाड थर त्याच्या उघड्या बाजूला साचला होता, म्हणून अंगठ्याला तो आठ लागत होता. डोळ्यांनी बघणाऱ्याला तीनच. वैभवला दिसला होता. आणि तो गप्प बसला होता, कारण तीन म्हणणं म्हणजे पप्पांच्या यार्डात, पप्पांच्या माणसांसमोर, ओमप्रकाशला दिसत नाही असं जाहीर करणं. आजोबांची जीप भंगारात जाऊ दे, मी हातची जाऊ दे, पण तेवढं त्याला करायचं नव्हतं.

मला दोघांच्याही कानाखाली दोन-दोन वाजवाव्याशा वाटल्या. आणि दोघांच्याही गळ्यात पडावंसं वाटलं. मला रडू येत होतं आणि जितेंद्रभाऊ गाडीचं दार उघडत होते.

मी पर्स उघडली, चष्मा काढला आणि मोठ्याने म्हटलं, “जितेंद्रभाऊ, थांबा! पप्पा, अवजार तर घेतलंच नाही तुम्ही.”

“कायचं अवजार?”

“हे. नंबर तपासायचं. नव्या रंगावर अंगठा नाही चालत म्हणून मागवलं नाही का मागच्या महिन्यात?”

पप्पा त्या चष्म्याकडे बघत राहिले. त्यांनी तो ओळखला. शेजारच्या चार यार्डांत फिरवून आलेला चष्मा होता तो.

“वेल्डिंगले गॉगल लागते तसं हाय हे, काका,” वैभव अगदी सहज म्हणाला. “मोठे डीलर वापरतात आजकाल.”

“मले माहीत हाय ना गा,” पप्पा खेकसले. “तू नको सांगू.” आणि त्यांनी तो डोळ्यांवर चढवला.

खाली बसले. वाकले. बराच वेळ उठलेच नाहीत. मग हळू आवाजात म्हणाले, “तीन हाय.” घसा खाकरून पुन्हा, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “तीन हाय, जितेंद्र. रंग साचला होता. अवजाराशिवाय नाही कळत हे.”

शेजारच्या एका मालकाने विचारलं, असं अवजार कुठे मिळतं. वैभवने त्याला दुकानाचा पत्ता दिला. धंदा म्हणजे धंदा.

जितेंद्रभाऊ परत आले आणि त्यांनी भाव केला. पहिल्याहून खूप वर गेला होता. मी उडीच मारणार होते. पण वैभव प्रामाणिक, त्याने फ्रेमचा सगळा खर्च सांगितला, वेल्डिंगपासून दोरीपर्यंत. पप्पांनी तोंडी वजाबाकी केली. आमच्या यार्डातला कुलर बंद होता, तरी मला थंडी वाजली. उत्तर बरोबर तेवढंच आलं, जेवढं जितेंद्रभाऊंनी त्या मागणीच्या रविवारी फोनवर सांगितलं होतं. वर एक रुपयाही नाही, खाली एक रुपयाही नाही.

“पाह्य,” पप्पा म्हणाले. “जेवढं घातलं तेवढंच निघालं. म्हटलं होतं का नाही म्या?”

वैभवने मान हलवली. “हो काका. तुम्ही जिंकले.” आणि भाव झाला म्हणजे गाडी द्यायची, म्हणून खिशातून जीपची किल्ली काढून त्याने जितेंद्रभाऊंपुढे धरली.

पप्पा चष्म्यातून त्याच्याकडे बघत होते. चष्मा काढायचं त्यांना सुचलं नसावं. त्याच्या तोंडाच्या इतक्या जवळ गेले की वैभव एक पाऊल मागे सरला.

“तुले दिसला होता ना तीन?” त्यांनी हळूच विचारलं. मी अगदी शेजारी होते म्हणून मला ऐकू आलं.

“दिसला होता.”

“मंग काहून नाही बोलला?”

“तुमच्या यार्डात, काका, मले तुमच्यापेक्षा जास्त कसं दिसन?”

पप्पांनी त्याच्या हातातली किल्ली घेतली. जितेंद्रभाऊंनी हात पुढे केला होता, तो तसाच राहिला. पप्पांनी किल्ली मुठीत मिटली.

“नाही द्यायची,” ते म्हणाले.

“काहून? भाव कमी झाला काय? बोला ना, वाढवतो.”

“भाव नको करू गा जितेंद्र,” पप्पा म्हणाले. “जवायाची गाडी हाय.”

आईच्या हातातला डबा खाली पडला आणि त्यातली सगळी वांग्याची भाजी पप्पांच्या चपलेवर सांडली. त्यांनी चष्म्यासकट खाली वाकून पाहिलं आणि आईला म्हणाले, “तीळ टाकले काय वं शोभा आज?”